पगार नावाचा भागीदार

नोकरी सांभाळून मार्केटिंगची कामं करणाऱ्या प्रत्येकासमोर कधी ना कधी प्रश्न उभा राहतो: आता पूर्णवेळ यातच उतरायचं का? हिंमत लागतेच, पण त्याआधी लागते एक वही आणि खरा हिशेब.

पाच वर्षांपूर्वी सांगलीतल्या विश्रामबाग भागातल्या एका मिठाईच्या दुकानाचं सोशल मीडियाचं काम मी घेतलं. महिन्याला १२ पोस्ट, ४ रील, सणावाराच्या जाहिराती आणि व्हॉट्सॲपवर येणाऱ्या ऑर्डरींची यादी, सगळं मिळून ६,००० रुपये. दिवसा मी एका कंपनीत हिशेबाचं काम करत होते. हे काम रात्री जेवणं आटोपल्यावर आणि रविवारी व्हायचं.

दुसऱ्या वर्षी दर वाढवून मागावा म्हणून दुकानात गेले, तेव्हा दुकानाचे मालक, काका, गल्ल्यावर बसून पेढ्याचा भाव काढत होते. खवा, साखर, वेलदोडा, गॅस, कारागिराचा रोज, पेटी, दुकानभाडं आणि शेवटी घट, म्हणजे न खपलेला, वाया जाणारा माल. एकाखाली एक सगळं लिहिलेलं. माझं म्हणणं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "ताई, हे ६,००० तुम्ही कसे काढले होते?" मला सांगता येईना. बाकीचे तेवढेच घेतात म्हणून मीही घेतले होते. "भट्टी पेटली की कुणाचं तरी सरपण जळतंच," काका म्हणाले. "तुमच्या कामात कुणाचं जळतंय ते एकदा बघा."

घरी येऊन बघितलं. सरपण माझ्या पगाराचं जळत होतं.

वहीतलं गणित

जोडधंदा करणाऱ्याला आपला धंदा नफ्यात आहे असं वाटतं, कारण महिनाअखेर हातात वरचे पैसे दिसतात. पण घरभाडं पगारातून जातं, इंटरनेट आणि फोनही पगारातूनच. दवाखान्याचा विमा कंपनीचा असतो, भविष्य निर्वाह निधीत मूळ वेतनाच्या १२ टक्के रक्कम कंपनी घालत असते. आपला पगार हा जोडधंद्यातला सगळ्यात मोठा भागीदार असतो. तो नफ्यात वाटा मागत नाही, म्हणून त्याचं नाव कुठे लिहिलेलं नसतं. राजीनामा दिला की हा भागीदार उठून जातो. त्याची जागा कोण घेणार, हे ठरलं की उरलेले प्रश्न सोपे होतात.

त्या रात्री मी जे गणित मांडलं, त्याचा सांगाडा इथे देते. आकडे ज्याचे त्याने आपले घालावेत.

तोवर माझ्याकडे पाच गिऱ्हाइकं झाली होती. प्रत्येकी ६,००० रुपये, म्हणजे महिन्याला ३०,०००. आठवड्यातले सहा दिवस रोज दोन तास आणि रविवारी सहा, असे १८ तास. महिन्याचे साधारण ७८. तासाला पडले ३८५ रुपये. पूर्णवेळ झाल्यावर रोज आठ तासांनी २५ दिवसांचे २०० तास मिळतात, म्हणून उत्पन्न अडीचपट होईल असं मनात येतं. इथेच बहुतेकांची फसगत होते. कारण त्या २०० तासांत नवं गिऱ्हाईक शोधणं येतं, कोटेशन, भेटीगाठी, प्रवास, बिलं आणि वसुलीही येते. एकट्याने काम करणाऱ्याने बिल लावता येण्याजोगे तास निम्मेच धरावेत. १०० तासांना जुन्या दराने ३८,५०० रुपये.

आता खर्च. घरखर्च ३५,०००. सॉफ्टवेअर, नेट, फोन, प्रवास ८,०००. आरोग्य विमा २,५००. म्हातारपणाची तरतूद ६,०००. कर आणि मंदीच्या महिन्यांसाठी बाजूला १०,०००. बेरीज ६१,५००. म्हणजे तासाला ६१५ रुपये पडायला हवेत, जुन्या दरापेक्षा सुमारे ६० टक्के जास्त. मला माझ्या कामाची खरी किंमत त्या रात्री पहिल्यांदा समजली. तोवर मी गिऱ्हाइकांना दर महिन्याला सवलत देत होते आणि ती सवलत माझी नोकरी भरून काढत होती.

म्हणून पहिलं काम दर दुरुस्त करण्याचं, आणि तेही नोकरीत असतानाच. नव्या गिऱ्हाइकाला नवा दर सांगायचा, जुन्यांना दोन महिने आधी कळवायचं. पगार चालू असतो तोवर "परवडत नाही" हे उत्तर शांतपणे ऐकता येतं. माझ्या पाचांपैकी दोघं गेले. तीन राहिले, आणि नव्या दराने दोन नवे आले.

किर्लोस्करवाडीच्या वाटेवर

सांगलीहून रेल्वेने पुण्याला जाताना किर्लोस्करवाडी लागते. ते स्थानक आलं की मला उद्योजक लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जोडधंदा आठवतो. लक्ष्मणराव मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. नोकरीत असताना ते मुंबईहून सायकली बेळगावला पाठवत आणि तिथे त्यांचे बंधू रामूअण्णा त्या विकत, गिऱ्हाइकांना सायकल शिकवतही असत. पुढे हक्काची बढती डावलली गेली, तेव्हा लक्ष्मणरावांनी नोकरी सोडून बेळगाव गाठलं. तिथे दुकान होतं, बाजार कळणारा भाऊ होता आणि गिऱ्हाइकांची ओळख होती. पगाराची जागा घेणारं काहीतरी आधीच उभं होतं.

तरी पुढची वाट सोपी गेली नाही. त्यांनी लोखंडी नांगर बनवायला घेतले, तर अशा नांगराने जमीन नासते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती, आणि पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली. माल चांगला असणं आणि तो लोकांना पटणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्या मधल्या अंतरातच मार्केटिंगचा धंदा उभा आहे. १९१० साली औंधच्या राजांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी वसली, आणि १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी तिथून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती लोकांपर्यंत नेणारं ते पत्र पुढे 'किर्लोस्कर' मासिक म्हणून मराठी घराघरांत वाचलं गेलं. गिऱ्हाइकाला काहीतरी वाचण्याजोगं द्यावं, मग त्याचा विश्वास मिळतो, हे आज 'कंटेंट मार्केटिंग' म्हणून शिकवतात. आपल्या जिल्ह्यात ते शंभर वर्षांपूर्वी करून झालं आहे.

राजीनाम्याआधी

पहिली गोष्ट, नेमणुकीचं पत्र पुन्हा वाचा. २०२२ साली नोकरीबरोबरच्या दुसऱ्या कामावरून आयटी क्षेत्रात मोठा वाद झाला. विप्रोने प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करणाऱ्या ३०० जणांना काढलं, इन्फोसिसने कर्मचाऱ्यांना ताकीद दिली, तर स्विगीने मंजुरी घेऊन बाहेरचं काम करायला मुभा देणारं धोरण आणलं. तुमच्या पत्रात काय आहे ते तुम्हाला माहीत हवं. कंपनीची गिऱ्हाइकांची यादी, कंपनीचा लॅपटॉप, कंपनीची वेळ यांना जोडधंद्यासाठी हात लावू नये. पुढे आपण विश्वास विकणार असतो.

दुसरी, तारखा बघा. कायमस्वरूपी नोकरीत सलग पाच वर्षं पूर्ण झाली की ग्रॅच्युइटीचा हक्क मिळतो. प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचं वेतन, महिना २६ दिवसांचा धरून. मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून शेवटचा आकडा २६,००० असेल, तर पाच वर्षांचे ७५,००० होतात. चार वर्षं आठ महिन्यांवर घाईने राजीनामा देणाऱ्याने हा आकडा आधी लिहून बघावा.

तिसरी, विमा नोकरीत असतानाच काढा. कंपनीचा सामूहिक विमा नोकरीबरोबर संपतो. स्वतःच्या पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ती मुदत पगार चालू असताना सुरू झालेली बरी. घरासाठी कर्ज घ्यायचं असेल तर तेही आधीच. व्यावसायिकाला बँक मागच्या काही वर्षांची विवरणपत्रं मागते.

चौथी, सहा महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात हवा. आणि हे सगळं घरच्यांसमोर बसून मांडायला हवं. माझ्या सासूबाईंनी तो कागद बघून एकच विचारलं होतं, "सातव्या महिन्याचं काय?" त्यांच्या त्या प्रश्नामुळे मी आणखी चार महिने थांबले, आणि ते थांबणं मला फार उपयोगी पडलं.

पैसे येण्याची शिस्त

माझी सगळ्यात महाग चूक वसुलीतली आहे. दिवाळीच्या हंगामात एका फर्निचर दुकानाच्या ऑनलाइन जाहिराती मी माझ्या क्रेडिट कार्डावर चालवल्या. कार्डाचं बिल ३८,००० झालं आणि दुकानदाराचे पैसे तीन तुकड्यांत फेब्रुवारीपर्यंत येत राहिले. तोवर कार्डाचं व्याज मी भरलं. त्या चुकीतून पक्का नियम केला: जाहिरातीचं खातं गिऱ्हाइकाच्या नावाचं, कार्ड गिऱ्हाइकाचं, आपल्याकडे फक्त ते चालवण्याची परवानगी. याचा दुसराही फायदा आहे. जाहिरातखर्च आपल्या बिलातून गेला तर तो आपल्या उलाढालीत धरला जाऊ शकतो, आणि सेवा देणाऱ्याला वर्षाला २० लाखांच्या पुढे जीएसटी नोंदणी बंधनकारक आहे. हातात काही न उरताही माणूस त्या रेषेवर जाऊन पोहोचतो.

सुट्या कामांपेक्षा रिटेनर, म्हणजे दरमहा ठरलेलं काम आणि ठरलेली रक्कम, हाच पगाराची जागा घेऊ शकतो. महिन्याच्या पाच तारखेला आगाऊ बिल आणि पैसे जमा झाल्यावर काम, असं लेखी ठरवावं. एका गिऱ्हाइकाचा वाटा एकूण उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ देऊ नये. तसा गेला, तर आपण पुन्हा नोकरीतच आहोत, तीही पीएफशिवाय.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, पहिल्याच दिवशी करावी. ती ऑनलाइन आहे आणि फुकट आहे. नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत भागवावं, असं २००६ चा कायदा सांगतो. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं, आणि सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. करनिर्धारण वर्ष २०२४-२५ पासून वेळेत न भागवलेलं असं बिल गिऱ्हाइकाला, प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत, आपल्या खर्चात दाखवता येत नाही. मार्चअखेरीला नम्रपणे केलेली ही आठवण बऱ्याचदा कामी येते.

बाकीची कागदपत्रं थोडक्यात. मोजकीच माणसं असतील तर शॉप ॲक्टखाली फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते. महाराष्ट्रात स्वतःचा व्यवसाय करणाऱ्याला वर्षाला २,५०० रुपये व्यवसाय कर आहे, तो अनेकजण विसरतात. वर्षाचा कर १०,००० किंवा त्याहून जास्त होणार असेल तर आगाऊ कर भरण्याच्या तारखा १५ जून, १५ सप्टेंबर, १५ डिसेंबर आणि १५ मार्च. आलेल्या प्रत्येक रकमेतला कराचा भाग त्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकला की या तारखांची भीती वाटत नाही.

पंचांग आणि जबाबदारी

आपल्या बाजाराला स्वतःचं पंचांग आहे. पाडवा, अक्षय्य तृतीया, गणपती, दसरा, दिवाळी हे सोनं, गाड्या, कपडे, मिठाई यांचे दिवस. पितृपंधरवड्यात अनेक दुकानदार नवी जाहिरात काढत नाहीत. क्लासवाल्यांची धावपळ एप्रिल ते जून. गिऱ्हाइकं निवडताना ही वेळापत्रकं एकमेकांना पूरक ठेवली, तर बाराही महिने चूल पेटती राहते. माझ्याकडे मिठाईबरोबर बेदाणे-हळदीचा एक व्यापारी आणि एक संगणक क्लास आहे, ते याच विचाराने.

आणि पूर्णवेळ झाल्यावर चुकीची जबाबदारीही पूर्णवेळ येते. बांधकाम प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक हवाच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. वकिलांना जाहिरात करायला मनाई आहे, डॉक्टरांवर कडक मर्यादा आहेत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फसव्या जाहिरातीला पहिल्याच वेळी १० लाखांपर्यंत दंड आहे. गिऱ्हाईक आग्रह करतं तेव्हा "हे लिहिता येणार नाही" असं सांगणं हा आपल्या कामाचाच भाग आहे, आणि त्यासाठी पैसे घेताना संकोच वाटू नये.

वहीत पहिलं गणित मांडल्यापासून चौदा महिन्यांनी मी पुन्हा काकांच्या दुकानात गेले. या वेळी माझ्याजवळ कागद होता. लिहिण्याचे तास, फोटो, रील, भेटी, सॉफ्टवेअर, कर. शेवटच्या ओळीत मी 'घट' लिहिलं होतं: नापसंत झालेली कामं आणि वर्षातले मंदीचे आठवडे. खाली बेरीज १०,०००. काकांनी चष्मा लावला, कागद वरून खाली वाचला, घटीच्या ओळीवर बोट ठेवून थोडं थांबले आणि मग बेरजेशेजारी सही केली.

त्याच आठवड्यात मी राजीनामा लिहिला.