पंपकिनच्या गोडात भोपळा किती?

सप्टेंबर लागला की अमेरिकेतली दुकाने केशरी रंगाने भरून जातात. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी येणाऱ्या थँक्सगिव्हिंगपर्यंत पाय, केक, बिस्किटे, आइसक्रीम, अगदी दह्याच्या डब्यावरही 'पंपकिन' लिहिलेले दिसते. तुम्ही तिथे राहत असाल, मुलांकडे जाणार असाल किंवा तिथून येणाऱ्यांना खाऊ आणायला सांगणार असाल, तर यातले काय घ्यावे हा प्रश्न पडतोच. गेल्या वर्षी न्यू जर्सीत बहिणीकडे असताना आम्ही पाच जणांनी असे पाच प्रकार चाखून पाहिले. ते चाखताना लक्षात आले की पंपकिन म्हणून जे विकले जाते, त्यात बऱ्याचदा भोपळा कमी आणि मसालाच जास्त असतो.

ही चव कुणाची?

दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग आणि ऑलस्पाइस यांचे मिश्रण म्हणजे 'पंपकिन पाय स्पाइस'. मॅककॉर्मिक कंपनीने 1934 मध्ये ते तयार डबीत आणले. स्टारबक्सची प्रसिद्ध पंपकिन स्पाइस लाटे 2003 मध्ये आली, पण तिच्यात खरा भोपळा घातला गेला तो 2015 मध्ये. म्हणून डब्यावर नुसते 'पंपकिन स्पाइस' असेल तर आत भोपळा असेलच असे समजू नका.

आम्ही काय चाखले?

पंपकिन पाय : पाचांत पहिला नंबर याचा. भोपळा, दूध, अंडी आणि साखर यांचे मऊ सारण घशाखाली उतरते तेव्हा भोपळ्याची चव खरोखर जाणवते. मात्र दुसऱ्या दिवशी खालचा थर ओलसर होतो, त्यामुळे आणल्या दिवशीच संपवा. कॉस्टकोचा पाय सुमारे 1.6 किलोचा असतो, तो पाहुणे येणार असतील तरच घ्या.

पंपकिन ब्रेड : नाव ब्रेड असले तरी हा केकच. भोपळ्याच्या गरामुळे तो दोन-तीन दिवस ओलसर राहतो. चहाबरोबर छान लागतो. वर क्रीम चीजचा थर नसलेला निवडा, नाहीतर चौथ्या घासालाच पुरे होते.

डोनट : ताजा असेल तर मजा, नाहीतर दालचिनी-साखरेखाली कोरडा गोळा. भोपळा शोधावा लागतो.

आइसक्रीम : गारव्यामुळे चव दबते आणि मसालाच पुढे येतो. पाच मिनिटे बाहेर ठेवून खाल्ले तर बरे लागते. लहान मुलांना लवंगेचा झणका आवडला नाही.

क्रीमची बिस्किटे : सर्वांत निराशा इथे. साखर आणि दालचिनीपलीकडे काहीच हाती लागले नाही. पण प्रवासात टिकतात, म्हणून भारतात आणायला हीच सोयीची.

डबा उलटा करून पाहा

घटकांच्या यादीत जे वजनाने जास्त, ते आधी लिहिलेले असते. भोपळा पहिल्या तीन-चार नावांत असेल तर पदार्थ खरा. तो तळाशी असेल, तर तुम्ही भोपळ्याच्या नावाने साखर आणि मैदा विकत घेताय. केशरी रंगावर भुलू नका, तो वेगळा घातलेला असू शकतो. 'ॲडेड शुगर्स' हा आकडाही वाचा. साधारण 4 ग्रॅम म्हणजे एक चमचा साखर. भोपळा पौष्टिक म्हणून मुलांच्या डब्यात हे पदार्थ देणार असाल तर हा हिशोब आधी करा.

शाकाहारी असाल तर आणखी एक काळजी घ्या. पायमध्ये अंडी असतातच, काही पायच्या पारीत 'लार्ड' म्हणजे डुकराची चरबी असते आणि काही चीजकेकमध्ये जिलेटिन असते.

सर्वांत चांगली खरेदी

पंपकिनच्या रांगेत मला सर्वांत उपयोगी वाटला तो भोपळ्याच्या गराचा 425 ग्रॅमचा साधा डबा. त्यातला 'डिकिन्सन' हा फिकट सालीचा भोपळा आपल्या मंडईत मिळणाऱ्या अनेक लाल भोपळ्यांच्याच प्रजातीचा आहे. डब्यावर '100 टक्के पंपकिन' लिहिलेले असू द्या. 'पंपकिन पाय मिक्स' घेऊ नका, त्यात साखर आणि मसाला आधीच असतो.

हा गर गुळाबरोबर कढईत आटवा, गार झाल्यावर जायफळ आणि मावेल तेवढी कणीक घालून घट्ट मळा. घारगे थापा आणि तळा. थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर पायच्या शेजारी ते ठेवा. जायफळाच्या वासामुळे अमेरिकन पाहुण्यांनाही ते परके वाटणार नाहीत आणि त्यात भोपळा किती, हे तुम्हाला पक्के ठाऊक असेल.