किटली बोलेनाशी झाली

माझी आई सांगलीला एकटी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. पहाटे उठल्यावर इलेक्ट्रिक किटलीत पाणी गरम करायचे, दोन पेले प्यायचे, मग बाकीचा दिवस, असा तिचा क्रम आहे. दोन वर्षे झाली, त्या किटलीला मी एक स्मार्ट प्लग लावून दिला. स्मार्ट प्लग म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमध्ये बसणारी लहानशी डबी. किटलीची पिन या डबीत बसते. आपल्यातून किती वीज वाहते आहे हे डबी मोजते आणि घरातल्या वायफायमार्फत कळवते. आईची किटली १५०० वॉटची, म्हणजे २३० व्होल्टला साधारण साडेसहा अँपिअर. पहाटे कधीतरी हे साडेसहा अँपिअर वाहू लागले की पुण्यात माझ्या फोनवर एक ओळ उमटते. आई उठली, असा त्या ओळीचा अर्थ. रोज सकाळी फोन करून ‘उठलीस का?’ असे विचारलेले तिला खपत नाही. ‘मला काय शाळेत जायचंय?’ म्हणते. प्लगला मात्र तिची हरकत नव्हती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये तिने तांब्याच्या तारेवरचे जुने इंटरनेट काढून फायबरचे घेतले. राउटरही नवा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी ओळ उमटली नाही. सात वाजता मी फोन केला. उचलला नाही. सव्वासातला उचलला, ती अंगणात पारिजातकाची फुले वेचत होती. मधल्या पंधरा मिनिटांविषयी लिहीत नाही, पण त्यांत एक गोष्ट लख्ख कळली. ‘आई उठलेली नाही’ आणि ‘प्लग बोलू शकत नाही’ या दोन अगदी वेगळ्या घटना माझ्या फोनवर हुबेहूब सारख्या दिसत होत्या. व्यवस्था बसवताना हे माझ्या लक्षात यायला हवे होते.

जोडणी करायला आलेल्या मुलाने आईला सांगितले होते, “आजी, तो प्लग गेलाय. जुना झालाय. नवा घ्या.” शनिवारी मी सांगलीला गेले तेव्हा आईने नवा प्लग आणण्यासाठी पैसेही काढून ठेवले होते.

प्लग खरोखर गेला होता का? ‘जोडला जात नाही’ हा एक बिघाड नसतो. उपकरण आणि राउटर यांच्यात टप्प्याटप्प्याने एक संभाषण होते आणि ते कुठल्याही टप्प्यावर तुटू शकते. कुठे तुटले हे शोधायचे, तर आधी ते चालते कसे हे पाहायला हवे.

राउटर दर सेकंदाला सुमारे दहा वेळा स्वतःचे नाव पुकारत असतो. आपल्या फोनवर वायफायच्या नावांची यादी दिसते ती या पुकाऱ्यांवरून. पुकारा होतो रेडिओ लहरींवर, आणि त्यासाठी घरगुती राउटर मुख्यतः दोन पट्टे वापरतात : २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासचा आणि ५ गिगाहर्ट्झच्या आसपासचा. पहिल्याची तरंगलांबी साधारण साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. दुसऱ्याची पाच ते सहा सेंटिमीटर. आपल्याकडे २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवान्यातून मुक्त झाला. या पट्ट्यातील लहरी भिंतींतून तुलनेने बऱ्या पार होतात, आणि त्यांवर चालणारी चिप स्वस्त पडते. २०१४ च्या सुमारास शांघायच्या एका कंपनीची ईएसपी८२६६ नावाची चिप बाजारात आली आणि बल्ब, प्लग, पंखे यांत वायफाय घालणे अतिशय स्वस्त झाले. ही चिप फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकते. तशाच अनेक चिप्स पुढे आल्या. त्यांच्या दृष्टीने ५ गिगाहर्ट्झचा पट्टा अस्तित्वातच नाही, जसे वटवाघळाचे ओरडणे आपल्याला ऐकू येत नाही.

पुकाऱ्यात ओळखीचे नाव ऐकू आले की उपकरण ‘मला आत घ्या’ म्हणते. आता पासवर्डची वेळ. येथे एक सार्वत्रिक गैरसमज आहे : उपकरण पासवर्ड पाठवते आणि राउटर तो ताडून पाहतो. तसे होत नाही. पासवर्ड हवेत पाठवला तर तो कुणीही ऐकेल. २००४ पासून रूढ असलेल्या डब्ल्यूपीए-२ पद्धतीत दोन्ही बाजू आपापल्या जागी बसून गणित करतात. पासवर्ड आणि नेटवर्कचे नाव एकत्र घ्यायचे, एका ठरावीक क्रियेतून ४०९६ वेळा घोळवायचे, आणि २५६ बिटांची एक किल्ली तयार करायची. मग दोघे एकमेकांना दाखवून देतात की माझ्याकडे तीच किल्ली आहे. किल्ली स्वतः कधीच हवेत जात नाही. यातली गंमत अशी की नाव ही नुसती पाटी नाही, ते किल्लीचा भाग आहे. पासवर्ड तोच ठेवून नावातले एक अक्षर कॅपिटलचे लहान केले, किंवा शेवटी एक न दिसणारी मोकळी जागा राहिली, तर उपकरणाच्या लेखी ते नेटवर्क दुसरेच.

किल्ली जुळली की राउटर उपकरणाला घरातला एक पत्ता देतो, आणि मग उपकरण बाहेरच्या सर्व्हरशी बोलू लागते. हे दोन टप्पे सहसा कुरबूर करत नाहीत.

आता खरी अडचण पाहा. प्लगला ना पडदा, ना कळफलक. एक बटण आणि एक दिवा. त्याला पहिल्यांदा पासवर्ड सांगायचा कसा? एक मार्ग असा की प्लग काही वेळ स्वतःच छोटा राउटर होतो, आपला फोन त्याला जोडला जातो, आणि अ‍ॅपमधून पासवर्ड त्याच्या हाती दिला जातो. या वेळी फोनची मोबाइल डेटा सेवा बंद ठेवावी. नाहीतर ‘या वायफायवर इंटरनेट नाही’ असे ठरवून फोन मधूनच निघून जातो आणि आपण प्लगला दोष देत बसतो.

दुसरा मार्ग मला फार आवडतो. फोन घरच्या राउटरला जोडलेला असतो आणि त्याची प्रत्येक पाकिटे कुलूपबंद असतात. प्लगकडे अजून किल्ली नाही, त्यामुळे पाकिटात काय आहे हे त्याला वाचता येत नाही. पण पाकीट किती लांब आहे हे बाहेरून कळते! मग अ‍ॅप ठरवून वेगवेगळ्या लांबीची पाकिटे सोडते आणि त्या लांबींच्या क्रमात नाव व पासवर्ड गुंफते. पोस्टमनने पत्र न उघडता नुसत्या पाकिटांच्या जाडीवरून मजकूर ओळखावा, तसे हे आहे. (अर्थात शेजाऱ्यालाही जाडी मोजता येते. वर आणखी एखादे कुलूप घातलेले नसेल तर ही पद्धत सुरक्षित मानता येत नाही.)

नव्या राउटरवर लोक अडकतात ते बहुधा इथे. हल्लीचे राउटर दोन्ही पट्ट्यांना एकच नाव देतात आणि फोनला वेगवान पट्ट्याकडे, म्हणजे ५ गिगाहर्ट्झकडे, ढकलतात. फोन तिथून पाकिटे सोडत राहतो आणि प्लग २.४ वर कान लावून बसलेला असतो. दोघेही नीट काम करत आहेत, भेट मात्र नाही. उपाय साधा आहे : जोडणीपुरता राउटरचा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद करायचा किंवा दोन पट्ट्यांना दोन नावे द्यायची. आणखी एक विचित्र प्रकार असतो. २.४ च्या पट्ट्यात आपल्याकडे १३ वाहिन्या वापरता येतात, पण अमेरिकेच्या बाजारासाठी केलेली उपकरणे सहसा ११ पर्यंतच ऐकतात. परदेशातून भेट आलेला बल्ब, आणि राउटर नेमका तेराव्या वाहिनीवर!

आईच्या स्वयंपाकघरात परत येते. प्लगचा निळा दिवा मिणमिणत होता. बटण दाबले की खट् आवाज होऊन किटली चालू होत होती. म्हणजे वीज आहे, आतला स्विच शाबूत आहे. आता बहुतेक माहितीपत्रके सांगतात की बटण पाच-दहा सेकंद दाबून प्लग ‘रीसेट’ करा. मी ते मुद्दाम केले नाही. रीसेट केल्यावर प्लगच्या स्मरणातले जुने नाव आणि पासवर्ड पुसले जातात, आणि त्यांबरोबर पुरावाही. आधी पंचनामा, मग साफसफाई.

जुना पासवर्ड कॅलेंडरच्या मागे आईच्या अक्षरात लिहिलेला होता. मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट २.४ गिगाहर्ट्झवर सुरू केला आणि त्याला जुन्या राउटरचे नाव व तोच पासवर्ड दिला, अक्षर न् अक्षर. मिनिटभरात प्लगचा दिवा स्थिर झाला. किटली लावली, आणि आईच्या फोनवर उघडलेल्या अ‍ॅपमध्ये दीड हजार वॉटचा आकडा चढला. प्लग गेलेला नव्हता! चिप, स्मरण, अँटेना, सर्व्हर, सगळे ठीक. दोष राहिला असलाच तर नव्या राउटरच्या बाजूला.

हा प्रयोग वर्गात दोन फोन घेऊन करून पाहण्यासारखा आहे. एकाचा हॉटस्पॉट दुसऱ्याच्या स्मरणात ठेवायचा, मग हॉटस्पॉटचा फक्त पासवर्ड बदलायचा. नंतर पासवर्ड परत पहिला करून फक्त नाव बदलायचे. दुसरा फोन दोन्ही वेळा आपणहून जोडला जात नाही, पण पडद्यावर दिसणारे लक्षण वेगळे असते. ते का, हे विद्यार्थ्यांनीच शोधावे.

मग मी नव्या राउटरलाच जुने नाव आणि जुना पासवर्ड दिला. फक्त एवढेच बदलले. प्लग जोडला गेला नाही. माझा अंदाज चुकला होता. भिंती जाड आहेत म्हणून असेल, असे वाटून प्लग राउटरशेजारी नेला. तरीही नाही. नाव जुळते, पासवर्ड जुळतो, अंतर वीतभर, आणि हॉटस्पॉटवर हाच प्लग चालतो. मग हॉटस्पॉटमध्ये आणि राउटरमध्ये फरक उरला कोणता? कुलपाचा. राउटरवर डब्ल्यूपीए-३ ही २०१८ मध्ये आलेली नवी पद्धत निवडलेली होती. तिच्यात किल्ली ठरवण्याची क्रिया वेगळी आहे आणि जुन्या चिपला ती येतच नाही. राउटर डब्ल्यूपीए-२ वर आणताच प्लग आत आला.

पण एका प्लगसाठी साऱ्या घराचे कुलूप जुने करायचे हे मला पटेना. आईचे बँकेचे व्यवहार याच वायफायवरून होतात. राउटरमध्ये पाहुण्यांसाठी वेगळे नेटवर्क काढण्याची सोय होती. त्याला २.४ गिगाहर्ट्झ, डब्ल्यूपीए-२ आणि जुने नाव-पासवर्ड दिले. मुख्य नेटवर्कला नवे नाव आणि नवे कुलूप. प्लग पाहुण्यांच्या खोलीत राहतो. घर बदलले आहे हे त्याला अजून ठाऊक नाही. नव्या प्लगसाठी काढलेले पैसे आईने डब्यात परत ठेवले.

आता अ‍ॅपमध्ये मी आणखी एक गोष्ट केली आहे. प्लगचा संपर्क तुटला तर त्याची वेगळी सूचना येते. गप्प बसणे आणि संपर्क तुटणे हे आता दोन वेगळ्या ओळींत दिसते.

पुढच्या रविवारी पहाटे पाच चाळीसला ओळ उमटली : साडेसहा अँपिअर. मी निर्धास्त झाले, आणि आठ वाजता सहज फोन केला. आईचा आवाज झोपेतला. “अगं, आत्ता उठतेय मी. काल रात्री मावशी आलीय ना राहायला, तिनं ठेवलं असेल पाणी.”