लाल माती आणि छायाचित्र

पुण्याहून मुंबईकडे जुन्या रस्त्यानें जातांना सोमाटण्याच्या जवळ शिरगांव लागतें. मावळांतील अशा गांवांतून ग्रामदैवताच्या यात्रेला कुस्त्यांचा फड भरण्याची रीत जुनी आहे. दुपार कलली कीं हलगी कडाडते, पोरांच्या लहान कुस्त्यांनीं आरंभ होतो आणि मोठ्या इनामाची जोड सर्वांत शेवटीं सुटते. छायाचित्रकारही अशा फडांतच गर्दी करतात. परंतु फडांत दिसतो तो केवळ निकाल. विद्या पाहावयाची तर पहांटे तालमींत गेलें पाहिजे.

तालमीचें दार बहुधा ठेंगणें, खिडकी एखादीच. पादत्राणें बाहेर ठेवून आंत जावें लागतें. हौद्यांतील लाल माती चाळलेली असते. तींत ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर मिसळून ती खोऱ्यानें वरचेवर खणतात. त्यामुळें ती मऊ व ओलसर राहते, आणि पडणाऱ्याचें अंग सोलवटत नाहीं. जोर व बैठका झाल्यावर लढती सुरू होतात.

येथें छायाचित्रकाराची खरी परीक्षा असते. ढाक किंवा धोबीपछाड डोळ्याचें पातें लवतें न लवतें तोंच होऊन जातो. सेकंदाच्या पांचशेव्या भागांत तो पकडतां येईल. पण तेवढा उजेड तालमींत नसतो. कृत्रिम प्रकाशाचा झोत ऐन डावांत डोळ्यांवर पडला तर मल्लाचा तोल जाऊन मान दुखावण्याचें भय. म्हणून जाणता छायाचित्रकार खिडकीच्या उजेडाशीं जुळवून घेतो, कॅमेरा मातीच्या पातळीवर आणतो आणि वाट पाहतो. वस्ताद पोराचा पाय हातानें धरून योग्य जागीं ठेवतो, तो क्षण चितपटीहून मोलाचा होय.

कारण तोच क्षण आतां विरळ होत आहे. ऑलिंपिकची कुस्ती गादीवर होते. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कांस्यपदक मिळविलें, तेंही गादीवरच. तेथें वेळ व गुण मोजतात. मातीवर मात्र चितपट होईपर्यंत झुंजण्याची परंपरा. महाराष्ट्र केसरीच्या स्पर्धेंत माती व गादी असे दोन्ही विभाग आहेत. तथापि पदक व नोकरी यांची आशा असलेला तरुण गादीकडे वळतो, यांत त्याचा दोष नाहीं.

कोल्हापुरास शाहू महाराजांनीं बांधविलेलें खासबाग मैदान दगडाचें आहे, तें टिकेल. वस्तादाच्या हातांतील ज्ञानाला असा दगडी आधार नाहीं. म्हणून प्रत्येक छायाचित्राखालीं मल्लाचें, वस्तादाचें व डावाचें नांव, गांव आणि साल लिहून एक प्रत तालमींतच ठेवावी. एरव्हीं पुढील पिढीला त्यांत दोन पिळदार देह दिसतील. कुस्ती दिसणार नाहीं.