पडद्याला काहीच ठाऊक नसतं

जुनी गाडी घेतली की सीटखाली एखादं नाणं, देवस्थानाची पावती, लहान मुलाचा मोजा असं काहीबाही सापडतं. मला जे सापडलं ते डॅशबोर्डवरच्या पडद्यात होतं. जळगावात गाडी घेतली, घरी आणून पडद्यावर बोट टेकवलं, तर मागच्या मालकाची अख्खी फोनवही समोर. 'केळी ट्रक रावेर', 'डॉक्टर दात', 'ताई धुळे', 'ठिबकवाला'. एका अनोळखी माणसाचा निम्मा संसार मला दहा मिनिटांत कळला, आणि त्या बिचाऱ्याला याचा पत्ताही नव्हता. त्याने कधीतरी ब्लूटूथने फोन जोडला, गाडीने नावं-नंबर उतरवून घेतले, आणि विकताना ते पुसायचं राहून गेलं. आरसी बुकावरचं नाव बदलतं, पडद्यातली वही तशीच राहते. सेटिंगमध्ये जाऊन ती पुसायला मला एक मिनिट लागलं. भाड्याच्या गाडीला फोन जोडणाऱ्यांनी तर गाडी परत देण्याआधी हे मिनिट काढावंच.

मग मी केबल लावली, अँड्रॉइड ऑटो सुरू झालं, आणि वाटलं, आता ही गाडी हुशार झाली. प्रत्यक्षात उलटं घडतं. त्या क्षणापासून पडदा जवळजवळ बिनडोक होतो. नकाशा फोनमध्ये, गाणी फोनमध्ये, हिशेब फोनमध्ये. फोन सेकंदाला तीस किंवा साठ चित्रं काढतो, त्यांचा चालू व्हिडिओ बनवतो आणि तारेतून पडद्याकडे धाडतो. तुम्ही पडद्यावर 'पुढचं गाणं' दाबता तेव्हा पडद्याला गाणंही कळत नाही आणि पुढचंही. बोट अमुक जागी टेकलं, एवढाच निरोप तो फोनला देतो. मात्र गाडी स्वतःहून काही गोष्टी कळवते: हेडलाइट लागले, मग नकाशा काळा कर, चाकं फिरू लागली, मग टायपिंगचा कीबोर्ड बंद कर.

२०१४ साली ॲपलने कारप्ले आणि गूगलने अँड्रॉइड ऑटो जाहीर केलं, त्यामागचा विचार साधा आणि फार शहाणपणाचा होता. गाडी पंधरा वर्षं चालते, फोन तीन-चार वर्षांत जुना होतो. मग डोकं खिशातच राहू द्यावं.

केबलची एक गंमत. साध्या यूएसबी तारेत आत चार बारीक तारा असतात, दोन विजेच्या, दोन माहितीच्या. बसस्टँडबाहेरच्या स्वस्त केबलीत कधी कधी माहितीच्या दोन तारा नसतातच. फोन चार्ज होतो, पडदा मात्र कोरा, आणि आपण गाडीला शिव्या घालतो. बिनतारी जोडणीत तर चक्क लग्नाचा मध्यस्थ असतो. ब्लूटूथ आधी फोनची आणि गाडीची ओळख करून देतो, वाय-फायचा पासवर्ड इकडून तिकडे पोचवतो आणि बाजूला होतो. व्हिडिओचा जड संसार पुढे वाय-फाय ओढतं.

पण मी खरा थक्क झालो तो नकाशावरच्या त्या निळ्या बाणामुळे. आपल्याला वाटतं, उपग्रह वरून आपल्यावर नजर ठेवून आहे. जीपीएसच्या उपग्रहाला तुम्ही आहात हेसुद्धा माहीत नसतं. तो सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून अखंड एवढंच सांगत असतो: 'मी अमुक, मी इथे, आत्ता इतके वाजले.' जळगाव आकाशवाणी जशी सांगत राहते, यावलमध्ये कोण ऐकतंय याची चौकशी न करता, तसंच. ऐकणारा फोन चार उपग्रहांच्या वेळा ताडून पाहतो, कोणता निरोप किती उशिरा आला यावरून अंतरं काढतो आणि स्वतःची जागा ठरवतो. उशीर किती? उपग्रह थेट डोक्यावर असेल तर सेकंदाचा साधारण पंधरावा भाग. वरची घड्याळं आइन्स्टाइनच्या सापेक्षतेनुसार रोज जमिनीवरच्या घड्याळांपेक्षा ३८ मायक्रोसेकंद पुढे पळतात, म्हणून उडवण्याआधीच ती मुद्दाम तेवढी मंद लावलेली असतात. ३८ मायक्रोसेकंद म्हणजे काय ते आपल्या हिशेबात सांगतो: तेवढ्यात प्रकाश सुमारे ११ किलोमीटर जातो. जळगावातून निघून पाळधीच्या आसपास!

आणि यातल्या कशालाच इंटरनेट लागत नाही. रेंज लागते ती नकाशाचं चित्र आणायला. म्हणून सातपुड्याकडे पालला किंवा तोरणमाळला निघताना घरच्या वाय-फायवर त्या भागाचा नकाशा उतरवून घेतला, की डोंगरात रेंज गेली तरी बाण चालत राहतो. वाहतूक कोंडी तेवढी दिसत नाही, पण तोरणमाळच्या घाटात कोंडी कसली!

खानदेशात या सगळ्याचा मोठा वैरी मात्र ऊन. आयफोनच्या सूचनांत लिहिलंय की तो ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरावा आणि बंद ठेवतानाही ४५च्या वर नेऊ नये. आपल्याकडे मे महिन्यात सावलीतच पारा ४५ला टेकतो, काच लावून उन्हात उभ्या केलेल्या गाडीत त्याहून कितीतरी वर. त्यात फोन एकाच वेळी उपग्रह ऐकतोय, व्हिडिओ बनवतोय, चार्जही होतोय. काचेला चिकटवलेला फोन आधी अंधुक होतो, मग चार्जिंग थांबवतो, मग मान टाकतो. त्याला एसीच्या झोताजवळ किंवा खाली सावलीत ठेवावं. चित्र तर पडद्यावर दिसतंच आहे.

आता डोळ्यांचं. ताशी ८० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला २२ मीटर जाते. दोन सेकंद पडद्याकडे पाहिलं की दोन क्रिकेट खेळपट्ट्यांहून जास्त रस्ता आपण न बघता ओलांडलेला असतो. अमेरिकेच्या रस्ते सुरक्षा खात्याने २०१३ साली गाडीतल्या पडद्यांसाठी हीच मर्यादा सुचवली: एका नजरेला दोन सेकंद, त्याहून जास्त नाही. मला वाटायचं, बोलून हुकूम दिला की सुटलो. पण युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवलं की आवाजाने दिलेल्या हुकुमानंतरही मन पुरतं रस्त्यावर परतायला, वाईटात वाईट यंत्रणेत, २७ सेकंदांपर्यंत लागतात. ८०च्या वेगाने हे ६०० मीटर झाले. आपल्या महामार्गावर तेवढ्यात एक उलट्या बाजूने येणारी मोटारसायकल, मागचा दिवा नसलेली कापसाची ट्रॉली आणि दोन म्हशी सहज बसतात. यातलं काहीही नकाशात नसतं. त्याचं तरसोद ते फागणे चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं, तेव्हा तर खुद्द रस्ताच नकाशाशी जुळत नसे.

नजर रस्त्यावरच हवी, असं कायद्याचंही म्हणणं आहे. हातात फोन धरून गाडी चालवणं २०१९च्या दुरुस्तीनंतर धोकादायक वाहनचालनात मोडतं. ऑक्टोबर २०२०च्या नियमाने रस्ता पाहण्यापुरती मुभा दिली, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा बेताने. पण आपल्याकडे पळवाटेचे कारागीर कमी नाहीत. बाहेरून बसवलेल्या पडद्याला एक वायर हँडब्रेककडून यायची असते, ब्रेक ओढलेला असेल तरच सिनेमा दिसावा म्हणून. बसवणारा मोठ्या मनाने ती वायर गाडीच्या बॉडीला जोडून टाकतो. बिनडोक पडद्याला वाटतं, गाडी कायमची उभीच आहे.

माझ्या गाडीत पडद्याचा ताबा मामांकडे असतो, शेजारच्या सीटवर. जळगाव-धुळे हा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता त्यांना पाठ आहे, तरी परवा अमळनेरला जाताना एरंडोल सोडल्यावर यंत्राची परीक्षा घ्यायची त्यांना लहर आली. माइकचं बटण दाबून त्यांनी खणखणीत अहिराणीत विचारलं, "अमळनेर कथा शे?" अहिराणीत 'कथा' म्हणजे 'कुठे'. यंत्राने क्षणभर विचार केला आणि गोष्टी शोधायला घेतल्या. अगदीच चुकलं म्हणता येणार नाही. गोष्टी सांगणारे साने गुरुजी अमळनेरच्याच प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत.

पारोळा आलं. पडद्यावर अजून गोष्टींची यादी होती. मामांनी ती बोटाने बाजूला सारली, पुढे बघितलं आणि म्हणाले, "जेवना हातले वळ."

मी उजवीकडे वळलो.