दारात आलेली मतपत्रिका आणि दीड फुटाचे जोते

मत आणि मतदार : लेखांक 7

मतदार यादीत आपले नाव कसे शोधायचे आणि चुकले असेल तर दुरुस्त कसे करून घ्यायचे, ते मागच्या आठवड्यात पाहिले. आज अशा माणसांविषयी लिहितो, ज्यांचे नाव यादीत बिनचूक आहे, ओळखपत्र ट्रंकेत जपून ठेवलेले आहे, पण घरापासून मतदान यंत्रापर्यंत पोहोचणे हेच ज्यांच्यासाठी दिवसभराचे काम होऊन बसते.

माझी आत्या लोहा तालुक्यातली. 2024 च्या लोकसभेच्या वेळी ती 82 वर्षांची होती. गुडघे गेलेले, एका डोळ्याने अंधूक दिसते. घरातल्या पोरांनी कुठेतरी वाचले होते की ऐंशीच्या पुढच्यांचे मत घरी येऊन घेतात, म्हणून सगळे निर्धास्त होते. मतदानाच्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली, कुणी आले नाही. मग कळले की त्यासाठी आधी अर्ज करावा लागतो, तोही मतदानाच्या तीन आठवडे आधी. शिवाय मार्च 2024 मध्ये नियम बदलून वयाची अट 80 वरून 85 झालेली. आत्या म्हणाली, "मी काय आजारी हाव का? जाताव की चालत." उन्हाचा पारा चाळिशीच्या वर होता. ऊन कलल्यावर पुतण्याच्या मोटारसायकलवर मागे बसून ती शाळेत पोहोचली. पुढे काय झाले ते नंतर सांगतो. आधी तो अर्ज.

त्याचे नाव नमुना 12-ड. ज्याचे वय 85 च्या पुढे आहे किंवा ज्याच्याकडे किमान 40 टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आहे, त्याला लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकीत घरून मत देता येते. नियमात ही तरतूद 2019 मध्ये आली आणि 2024 च्या लोकसभेत ती पहिल्यांदा देशभर राबवली गेली. गावातला केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे आपला बीएलओ, हा नमुना घरी आणून देतो आणि भरून परत नेतो. बीएलओ ही बहुतेक गावांत ओळखीचीच व्यक्ती असते, अंगणवाडीच्या ताई नाहीतर शाळेतले गुरुजी. अर्ज मंजूर झाला की ठरलेल्या दिवशी मतदान अधिकाऱ्यांचे पथक घरी येते. सोबत पोलीस असतो आणि चित्रीकरण करणाराही. उमेदवारांना वेळापत्रक आधी कळवलेले असते, त्यांचे प्रतिनिधी पाहायला येऊ शकतात. पहिल्या फेरीत मतदार घरी नसेल तर पथक आणखी एकदा येते. तेव्हाही भेट झाली नाही तर ते मत गेलेच, कारण एकदा 12-ड मंजूर झाला की केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. हे न सांगता अर्ज भरून घेतला तर म्हाताऱ्या माणसाची फसगत होते. लेकीकडे महिनाभर राहायला जाणाऱ्या आजीने 12-ड भरावा का, याचा घरात बसून विचार व्हायला हवा.

यातली सगळ्यात मोठी अडचण तारखेची आहे. 12-ड द्यायची मुदत निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून फक्त पाच दिवस. आता आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. जिल्हा नांदेड, पण लोहा विधानसभा मतदारसंघ लातूर लोकसभेत, किनवट आणि हदगाव हिंगोलीत. जिल्हा लातूर, पण औसा उस्मानाबाद लोकसभेत. 2024 मध्ये नांदेड आणि हिंगोलीची अधिसूचना 28 मार्चला निघाली आणि मतदान 26 एप्रिलला झाले. लातूर आणि उस्मानाबादची अधिसूचना 12 एप्रिलची, मतदान 7 मेचे. म्हणजे नांदेड शहरातल्या 87 वर्षांच्या आजोबांची मुदत 2 एप्रिलला संपली, तर त्याच जिल्ह्यातल्या लोह्याच्या आजोबांची 17 एप्रिलला. जिल्हा एक, कलेक्टर कचेरी एक, मुदती दोन. प्रचार अजून रंगात यायचा असतो, भोंगे लागलेले नसतात, उमेदवारही पक्के झालेले नसतात, तेवढ्यात हे पाच दिवस निघून जातात. त्याच वर्षीच्या विधानसभेची अधिसूचना 22 ऑक्टोबरला निघाली. पाच दिवस मोजले तर 27 ऑक्टोबर, वसुबारसेचा आदला दिवस. घराघरात दिवाळीची झाडलोट चाललेली असताना नमुना भरायचे कुणाच्या ध्यानात राहणार?

म्हणून मला वाटते की रॅम्प आणि व्हीलचेअर यांच्या फोटोंइतकेच लक्ष या पाच दिवसांकडे द्यायला हवे. दवंडी, मंदिरातला आणि मशिदीतला भोंगा, रेशन दुकानावरचा फलक, जिथे माणसे खरोखर ऐकतात तिथे ही तारीख पोहोचायला हवी.

दिव्यांग मतदारासाठी काम त्याच्याही आधी सुरू होते. यादीत आपल्या नावापुढे दिव्यांग म्हणून नोंद हवी. ती नमुना 8 भरून करता येते, आणि त्यासाठी निवडणूक लागायची वाट पाहायची गरज नाही. 40 टक्क्यांचे प्रमाणपत्र तर आदल्या आठवड्यात मिळणारा कागद नव्हेच. ज्यांना हिंडता-फिरता येत नाही, त्यांना तपासणीसाठी गावाहून मोठ्या दवाखान्यापर्यंत न्यायचे म्हणजे गाडीभाडे, सोबतीच्या माणसाची बुडालेली मजुरी, आणि काम एका फेरीत होईलच असे नाही. मला इथे किल्लारीच्या भूकंपाची आठवण होते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे औसा आणि उमरगा तालुक्यांतली गावे भुईसपाट झाली. त्या रात्री दगडामातीच्या भिंतींखाली सापडून पाय, कंबर, पाठीचा कणा गमावलेली पंचविशीतली माणसे आज साठीकडे निघाली आहेत. जुने अपंगत्व आणि नवे म्हातारपण त्यांना एकदमच गाठते आहे. 85 ची अट त्यांच्या कामाची नाही, त्यांना प्रमाणपत्राचाच आधार.

घरच्या मतदानात यंत्र नसते. असते ती कागदाची टपाली मतपत्रिका. मतदाराने घोषणापत्रावर सही किंवा अंगठा द्यायचा, आडोशाला मतपत्रिकेवर खूण करायची, ती लहान पाकिटात बंद करायची आणि ते पाकीट घोषणापत्रासह मोठ्या पाकिटात घालायचे. आता दोन खणांचे घर घ्या. एका खणात बाज, बाजेवर आजोबा. दारात मुलगा, सून, नातवंडे, बाहेर कार्यकर्ते. आडोसा म्हणून पुठ्ठ्याचा कप्पा मांडला तरी "बाबा, तिथं मारा" असे कुणी म्हणणार नाही याची काळजी पथकाला घ्यावीच लागते. घरच्या माणसांना बाहेर उभे करणे उद्धटपणाचे वाटते, पण ते केलेच पाहिजे. केंद्रावर गुप्तता राखायला भिंती असतात, घरी ती अधिकाऱ्याच्या शब्दावर उभी असते.

आता शाळेकडे येऊ. दिव्यांगांच्या हक्कांसाठी लढणारे कार्यकर्ते 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि त्या वर्षीच्या लोकसभा निवडणुकीच्या टप्प्यांमध्येच केंद्रांवर लाकडी रॅम्प लावण्याचे आदेश निघाले. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचे कलम 11 तर स्पष्टच सांगते की सगळी मतदान केंद्रे आणि निवडणुकीचे सगळे साहित्य दिव्यांगांना वापरता येईल असे असले पाहिजे. पण रॅम्प असणे आणि रॅम्पवरून चढता येणे यांत फरक आहे. प्रमाण असे की एक फूट चढायचे तर बारा फूट लांबीचा उतार हवा. जिल्हा परिषदेच्या शाळेचे जोते दीड फुटाचे असेल तर रॅम्प अठरा फूट लांब लागतो. तो सहा फुटांत उरकला की व्हीलचेअर मागे घसरते, ढकलायला दोघे लागतात, आणि उतरताना बसलेला माणूस जीव मुठीत धरून असतो. आपल्या गावच्या शाळेत टेप घेऊन जा आणि मोजा. हे मोजायला कुणाची परवानगी लागत नाही.

आत्याच्या शाळेत रॅम्प होता, पण पुढ्यात मोटारसायकली लावलेल्या. पुतण्याने तिला धरून पायऱ्या चढवल्या. रांगेतल्या बायांनी न सांगता वाट दिली. आत गेल्यावर प्रश्न आला सोबतीचा. नियम असा की दिसत नसल्यामुळे किंवा अंगात त्राण नसल्यामुळे ज्याला स्वतः बटण दाबता येत नाही, त्याला 18 वर्षांवरचा सोबती कप्प्याच्या आत नेता येतो. नुसतेच चालता येत नसेल तर सोबत्याने कप्प्यापर्यंत यायचे आणि मागे फिरायचे. सोबत्याने मत गुप्त ठेवण्याची लेखी हमी द्यायची, आणि एका दिवसात एकाच मतदाराचा सोबती व्हायचे. पाच म्हाताऱ्यांना ओळीने आत नेणारा कार्यकर्ता दिसला की मतदान केंद्राध्यक्षांना हा नियम सांगायला कचरू नका.

पूर्ण अंध मतदारासाठी यंत्रावर निळ्या बटणांशेजारी 1 ते 16 आकडे ब्रेलमध्ये असतात. केंद्रावर उमेदवारांची ब्रेल यादी मागायची, आपल्या उमेदवाराचा क्रमांक बोटांनी वाचायचा आणि आत जाऊन तो शोधायचा. उमेदवार 16 च्या वर गेले की शेजारी दुसरे युनिट जोडतात. 2024 मध्ये नांदेड आणि लातूर दोन्हीकडे तसेच होते, तेव्हा कोणते युनिट हेही आधीच ठरवून जावे लागले. एक उणीव मात्र अजून तशीच आहे. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेमागे दिसते ती डोळसांनाच. मत बरोबर पडले का हे अंध मतदाराला स्वतः ताडून पाहता येत नाही. चिठ्ठी वाचून दाखवणारा आवाज कानात लावता आला असता तर त्याला दुसऱ्याच्या डोळ्यांवर विसंबावे लागले नसते.

महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. 12-ड हा लोकसभा-विधानसभेच्या नियमांतला नमुना, त्याचा आधार तिथे घेता येत नाही. कलम 11 मध्ये मात्र राज्य आयोगाचे नाव स्वच्छ लिहिलेले आहे, म्हणून सरपंच आणि नगरसेवक निवडतानाही रॅम्प मागण्याचा हक्क आहेच. लोकसभा-विधानसभेसाठी 2024 मध्ये 'सक्षम' हे ॲप होते, 1950 हा फोन क्रमांक आहेच. त्यावरून व्हीलचेअर मागता येते.

आत्याने पुतण्याला कप्प्याच्या अलीकडेच थांबवले. डोळा यंत्राला जवळजवळ चिकटवून चिन्ह शोधले, वेळ लावला, बटण दाबले. परत येताना पुतण्याने विचारले, "काकू, कुणाला दिलं?" ती म्हणाली, "तुला कामून सांगू?"