हुंडा न घेणारा मठ

माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात वेलास्केथ या स्पॅनिश चित्रकाराचे एक चित्र आहे. काळसर वस्त्रांतील वृद्ध जोगीण, एका हातात ग्रंथ, दुसऱ्यात शस्त्रासारखा धरलेला क्रूस! ही हेरोनिमा दे ला असुन्सिओन. १६२० साली सेव्हिल येथे हे चित्र झाले, तेव्हा चित्रकार २१ वर्षांचा आणि ती ६५ची होती.

पन्नास वर्षे तोलेदोच्या मठात काढलेली ही बाई फिलिपाइन्समध्ये स्त्रियांचा पहिला मठ स्थापावयास निघाली होती. दोन महासागर, मधे मेक्सिकोची खडतर वाट. एक सोबतीण समुद्रातच निवर्तली. १६२१ मध्ये त्या मनिलास पोचल्या.

खरी कसोटी तेथेच लागली. संत क्लाराच्या मूळ नियमानुसार मठाने ठरीव उत्पन्न बाळगावयाचे नाही, येणाऱ्या मुलीकडून हुंडा घ्यावयाचा नाही, हा तिचा आग्रह. वरिष्ठांना तो रुचला नाही. काही काळ तिचे प्रमुखपदही गेले, पण आग्रह सुटला नाही. १६३० मध्ये तिने देह ठेवला. १६३३ मध्ये तिच्याच मठातील जोगिणींनी मकाव येथे नवा मठ उभारला.

मनिलाची जुनी वास्तू १९४५च्या लढाईत नष्ट झाली. परंपरा मात्र केसोन सिटीत चालू आहे. चित्रातला क्रूस इतका घट्ट का धरला आहे, हे तिचे चरित्र कळले म्हणजे उमगते.