सोपारा ते श्रीलंका : एका बंदराने जोडलेला धम्माचा वारसा

वसई तालुक्यातील उमेळे गावाहून नालासोपारा फार लांब नाही. तेथे असलेला प्राचीन स्तूप आपल्याला थेट श्रीलंकेशी जोडतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते.

‘महावंस’ या पाली ग्रंथानुसार राजपुत्र विजय आपल्या साथीदारांसह प्रथम सुप्पारक, म्हणजे सोपारा बंदरात उतरला. पण साथीदारांच्या दांडगाईमुळे त्यांना पुन्हा जहाजात चढावे लागले. पुढे तो लंकेला पोहोचला, तो दिवस तथागतांच्या महापरिनिर्वाणाचा होता, असे हा ग्रंथ सांगतो. ही आख्यायिका आहे. पण सोपाऱ्याचे नाव सिंहली परंपरेने जपले, हे महत्त्वाचे.

इतिहासाचा पुरावाही आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी सोपाऱ्याचा स्तूप उत्खनित केला. त्यात दगडी करंडक, भिक्षापात्राचे तुकडे आणि आठ बुद्धमूर्ती मिळाल्या. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे सापडला, तर नवव्या लेखाचा तुकडा १९५६ मध्ये वसईजवळच्या भुईगावात मिळाला. याच अशोकाचे पुत्र महेंद्र यांनी लंकेत धम्म नेला, कन्या संघमित्रा यांनी बोधिवृक्षाची फांदी नेली. अनुराधपूरचा तो वृक्ष आजही पूजला जातो.

आज श्रीलंकेत सिंहली बौद्ध बहुसंख्य आहेत, पण तमिळ हिंदू, मुस्लिम, ख्रिस्ती, मलय आणि युरोपीय वंशाचे बर्गर हेही त्याच भूमीचे आहेत. श्रीपाद पर्वतावरील पाऊलखूण बौद्धांना बुद्धांची, हिंदूंना शिवाची, तर मुस्लिमांना आदमची वाटते. प्रत्येक पौर्णिमेला तेथे सरकारी सुट्टी असते. वसईप्रमाणेच तेथेही पोर्तुगीज आले. आपला ‘पाव’ आणि सिंहली ‘पान’ हे एकाच पोर्तुगीज शब्दातून आले आहेत.

तरीही या देशाने मोठी किंमत मोजली. १९५६ मध्ये सिंहली ही एकमेव राजभाषा ठरवली गेली. तमिळांमधील असंतोष वाढत गेला आणि १९८३ ते २००९ असे प्रदीर्घ गृहयुद्ध झाले. धम्म मानणाऱ्या देशातही भाषेचा आणि वंशाचा अहंकार शिरू शकतो, हा त्यातील कटू धडा आहे. आपल्या पंथाचे कौतुक करताना दुसऱ्या पंथाची निंदा करू नये, असे अशोकाने बाराव्या शिलालेखात बजावले होते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९५० मध्ये कँडी येथील जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. बौद्ध देशांत धम्म प्रत्यक्ष कसा जगला जातो, हे त्यांना पाहायचे होते. आपणही तो डोळसपणा ठेवला पाहिजे. स्तूप, चर्च, मंदिर आणि दर्गा जवळजवळ असलेल्या वसईत हे शिकायला दूर जावे लागत नाही. पुढच्या पौर्णिमेला मुलांना घेऊन सोपाऱ्याला जा आणि या बंदराची गोष्ट त्यांना सांगा.